पेटी ते सिंथ: पट्टी दाबली की आत नक्की काय होतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पेटी शिकवतो, भजनाला आणि ऑर्केस्ट्राला कीबोर्ड वाजवतो आणि सवड मिळेल तशी पेट्यांची किरकोळ दुरुस्तीही करतो, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न वर्षानुवर्षं येत असतात. दरवेळी टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवलाय, फक्त "अर्जंट आहे" वगैरे काढून टाकलंय.

१. पेटी, पियानो, कीबोर्ड, सगळ्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सारख्याच, मग आवाज इतका वेगळा कसा काय?

पट्टी स्वतः वाजतच नाही हो, ती फक्त निरोप्या. पेटीत ती एक झडप उघडते, पियानोत हातोडी उडवते, चर्चच्या ऑर्गनमध्ये नळीत हवा सोडते आणि कीबोर्डमध्ये चिपला सांगते की अमुक नंबरची पट्टी दाबली गेली. वाजणारा ऐवज प्रत्येकात वेगळा आहे. आणि नुसता ऐवजच नाही, सूर सुरू कसा होतो, टिकतो कसा आणि विझतो कसा यावर आपला कान वाद्य ओळखतो. एक गंमत करून बघा, फोनवर पियानोचा एक सूर रेकॉर्ड करा आणि कुठल्याही फुकट अॅपमध्ये उलटा वाजवा, तो चक्क पेटी किंवा ऑर्गनसारखा ऐकू येतो. तार तीच, कंपनं तीच, फक्त सुरुवातीचा ठोका शेवटी गेला तर वाद्यच बदललं. पुढची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

२. पेटीच्या आत नेमकं काय वाजतं? तारा असतात का?

तारा नाहीत. पितळेच्या पातळ जिभा असतात, आमच्याकडे त्यांनाच सूर म्हणतात (रीड म्हटलं तरी चालतं). पितळेच्याच जाड पट्टीला एक लांबट खाच असते आणि त्या खाचेवर ही जीभ एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली असते, दुसरं टोक मोकळं आणि जरासं वर उचललेलं. खाच जिभेपेक्षा केसभरच मोठी. भात्यातली हवा बाहेर पडायला बघते, जिभेला खाचेत ढकलते, त्यामुळे वाट बंद होते, जीभ स्प्रिंगसारखी परत येते, वाट उघडते, हवा पुन्हा ढकलते, हे सेकंदाला शेकडो वेळा. म्हणजे आपण ऐकतो तो पितळेचा आवाज कमी आणि हवेचे तुकडे पडल्याचा आवाज जास्त. हवा अशी कडक कापली जाते म्हणून मूळ सुराबरोबर वरचे भरपूर उपसूर (मूळ सुरात मिसळून येणारे बारीक, उंच सूर) निघतात आणि पेटीला तो भरलेला, किंचित कर्कश रंग येतो.

लांब-जड जीभ म्हणजे खालचा सूर, आखूड-हलकी म्हणजे वरचा. सूर मिळवताना जिभेचं मोकळं टोक घासलं की ती हलकी होते आणि सूर चढतो, रिव्हेटजवळ मुळाशी घासलं की ती लेचीपेची होते आणि सूर उतरतो. मी पहिल्यांदा कानस हातात घेतली तेव्हा उतरलेल्या सुराला मुळाशी घासत बसलो, तो अजून उतरला, मग घाबरून टोकाला घासला, मग जरा जास्तच चढला, मग परत मुळाशी. शेवटी सूर बरोब्बर लागला पण जीभ इतकी पातळ झाली होती की तीन आठवड्यांत भर भजनात टक् करून तुटली. पेटी माझीच होती हे नशीब.

३. भाता मारायचा थांबला तरी सूर लगेच बंद का होत नाही?

कारण भाते दोन असतात. हाताने मारतो तो बाहेरचा, आणि पोटात एक दुसरा, ज्यावर स्प्रिंगा दाब देत असतात. बाहेरचा हवा भरतो, आतला ती साठवून जमेल तितक्या एकसारख्या दाबाने सुरांकडे पाठवतो. बाहेरच्या भात्याच्या झडपा एकाच बाजूला उघडतात त्यामुळे हवा मागे येत नाही. पॅरिसच्या आलेक्झांद्र दबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा ते पायाने चालवायचं, टेबलाएवढं वाद्य होतं. आपली मांडी घालून वाजवायची हाताची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमाराला आणली. एक हात भात्याला गेला म्हणजे वाजवायला एकच उरला, पण आपल्या गाण्याला तेवढा पुरतो.

नवीन शिकणारे भाता सुपासारखा पाखडतात. तसं करू नका, दाब फार वाढला की सूर किंचित उतरतो, आणि भाता फाटतो तो वेगळाच.

४. दुकानदार खर्ज-नर-मादी म्हणाला, म्हणजे काय?

एका पट्टीखाली किती सूर आणि कुठल्या सप्तकाचे, एवढंच. नर म्हणजे मधला, खर्ज त्याच्या एक सप्तक खालचा, मादी वरच्या बाजूचा बारीक. नर-नर अशी जोडीही घेतात. दोन्ही नर अगदी तंतोतंत एक लावले तर आवाज नुसता मोठा होतो. त्यातला एक सेकंदाला एखाद-दुसऱ्या कंपनाने पुढेमागे ठेवला की दोघांच्या लाटा कधी जुळतात कधी एकमेकींना खातात, आणि सूर हलकासा डुलतो. काही कारागीर तो डुल मुद्दाम ठेवतात. जास्त ठेवला की जत्रेतल्या बाजासारखं वाटायला लागतं. कपलर लावलेला असेल तर एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही खाली जाते, तो प्रकार पूर्ण लाकडी जोडणीचा आहे, सुरांचा नाही.

५. संगीत नाटकात वाजायचा तो ऑर्गन म्हणजे मोठी पेटीच ना?

चुलत भाऊ म्हणा. आतमध्ये पितळी जिभाच, पण नाटकवाल्यांचे बरेच ऑर्गन अमेरिकन पद्धतीचे होते आणि त्यात हवा उलटी फिरते. पायाने पावट्या मारल्या की भाता हवा बाहेर फेकतो, आत पोकळी होते, आणि पट्टी उघडली की बाहेरची हवा जिभेतून आत ओढली जाते. पेटी फुंकते, ऑर्गन ओढून घेतो. शिवाय त्याच्या जिभांना बाक दिलेला असतो आणि प्रत्येक जीभ लाकडी कप्प्यात बसवलेली असते त्यामुळे वरचे टोचणारे उपसूर बोथट होतात आणि आवाज मऊ, गोलसर येतो. दोन्ही हात मोकळे. पदाच्या खाली असा ऑर्गन धरलेला असला की नटाचा आवाज कसा तरंगतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पायपेटी हा शब्द मात्र लोक दोन्हीला वापरतात, त्यामुळे जुनी विकत घेताना पट्टी दाबून खाली कागदाचा कपटा धरा, आत ओढला जातोय की उडतोय ते बघा, लगेच कळतं.

६. पियानो तारवाद्य की तालवाद्य? आमच्या ग्रुपवर भांडण चालू आहे.

भांडण चालू ठेवा, दोन्ही बाजू बरोबर आहेत. तारा आहेत, पण त्या ठोकल्या जातात. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या आसपास हे वाद्य केलं, त्याचा १७२० चा एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आजही आहे. त्याची खरी करामत हातोडी मारण्यात नाही तर सोडून देण्यात आहे. विचार करा, हातोडी बोटाबरोबर तारेवर दाबूनच राहिली तर तार ठप्प होईल, जसं ताटाला चमचा मारून तिथेच धरला तर ठण्णऐवजी ठक् येतं. म्हणून तारेच्या साधारण दोन मिलिमीटर अलीकडे बोटाचा आणि हातोडीचा संबंध तुटतो, ती स्वतःच्या वेगाने उडत जाऊन आपटते आणि लगेच परत येते, बोट पट्टीवर दाबलेलंच असलं तरी. म्हणजे वाजवणाऱ्याच्या हातात फक्त वेग आहे. पट्टीला प्रेमाने स्पर्श केला, कुरवाळलं, याने तारेला काही कळत नाही, तिला हातोडी किती वेगाने आली तेवढंच कळतं (पियानो शिकवणारे माझ्यावर चिडतील, चिडू दे).

हातोडीवर दाबून बसवलेल्या लोकरीचा फेल्ट असतो. हळू आली तर तो मऊ लागतो, जोरात आली तर दबून टणक होतो आणि आवाज मोठा तर होतोच पण जास्त चकचकीतही होतो. म्हणून पियानोचा मोठा आवाज हा लहान आवाज व्हॉल्यूम वाढवून मिळत नाही, हे प्रश्न १४ साठी लक्षात ठेवा. बाकी आकडे ऐकूनच धडकी भरते, ८८ पट्ट्यांना २३० च्या आसपास तारा (वरच्या सुरांना तीन-तीन, खालच्यांना दोन आणि अगदी खाली एक), सगळ्यांचा ताण मिळून सुमारे १८ ते २० टन, तो पेलायला आत बिडाची चौकट. तार बारीक असल्याने तिचा स्वतःचा आवाज चिमणीएवढा, तो मोठा करते खालची लाकडी फळी, साउंडबोर्ड.

७. पियानोचं उजवं पेडल दाबलं की सगळं घुमायला का लागतं?

प्रत्येक तारेवर एक फेल्टची गादी बसलेली असते, पट्टी दाबली की तिची उचलते आणि सोडली की परत बसते. उजवं पेडल सगळ्या गाद्या एकदम उचलतं, मग जी तार वाजवलीच नाही तीही शेजारणीच्या सुरावर गुणगुणायला लागते, आपल्या सतारीच्या तरफा वाजतात अगदी तस्संच. पेडलशिवायही ऐकता येतं: खालचा एखादा सा आवाज न करता हळूच दाबून धरा आणि वरचा सा खाडकन मारून सोडा. वरचा बंद होतो, खालच्या तारेतून तोच सूर बारीक येत राहतो. सगळ्यात वरच्या दीडेक सप्तकाला गाद्याच नसतात, तिथल्या तारा आपोआप इतक्या लवकर विझतात की गरजच पडत नाही.

८. पावसाळ्यात पियानो / पेटी बेसूर का होते? कुणी हातही लावला नव्हता.

हात पावसाने लावला. साउंडबोर्ड लाकडाचा, दमट हवेत फुगतो, फुगून तारांना वर ढकलतो, ताण वाढतो आणि सूर चढतात, मधल्या सप्तकांत जास्त. हिवाळ्यात उलटं. मुंबई-कोकणात हे दरवर्षीचं आहे, त्यामुळे ऐन जुलैत ट्यूनिंग करून घेऊ नका, दिवाळीनंतर करा. पेटीत पितळी जीभ ओलाव्याने फारशी हलत नाही, पण लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, झडपांच्या चामड्याला बुरशी येते, हवा गळते आणि जिभांवर हिरवट थर चढला की सूर हलतात. बंद खोलीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय, ओलावा आत कोंडतो. रोज दहा मिनिटं वाजवा, हवा खेळती राहते.

९. हार्पसिकॉर्ड दिसतो पियानोसारखा, मग त्यात हळू-जोरात का वाजत नाही?

त्यात हातोडी नाही, नखी आहे. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभी लाकडी काडी असते, तिला पक्ष्याच्या पिसाच्या देठाची छोटी नखी, ती वर जाताना तार छेडते. सतारीवर मिजराब मारल्यासारखं, पण प्रत्येक वेळी तितकंच. जोरात दाबा की हळू दाबा, नखी तारेवरून निसटते तो क्षण जवळपास सारखाच, म्हणून आवाजही. क्लॅव्हिकॉर्ड याच्या अगदी उलट, त्यात पट्टीच्या टोकाची पितळी पात तारेला टेकते आणि टेकूनच राहते, त्यामुळे पट्टी दाबून हलवली तर सूर थरथरतो. मात्र आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तर संपलं.

१०. चर्चमधल्या ऑर्गनच्या त्या मोठ्या नळ्या खरंच वाजतात की शोभेच्या?

पुढच्या काही वेळा शोभेच्या असतात, पण खऱ्या मागे असतातच. बहुतेक नळ्या म्हणजे मोठ्या शिट्ट्या किंवा बासरीच, खालच्या फटीतून हवेचा पातळ पडदा निघून ओठावर आपटतो आणि नळीतला हवेचा खांब थरथरतो. ८ फुटांची उघडी नळी सेकंदाला साधारण ६५ कंपनांचा सूर देते. तिचं वरचं तोंड बुचाने बंद केलं तर तेवढ्याच लांबीत एक सप्तक खाली जाते आणि उपसुरांतले एकाआड एक गळाल्याने आवाज पोकळ होतो. जागा वाचवायची जुनी युक्ती. काही नळ्यांच्या बुडाशी पितळी जीभ असते, त्या तुतारीसारख्या बोलतात. गरम हवेत शिट्टीवाल्या नळ्या चढतात आणि जीभवाल्या तितक्या चढत नाहीत, म्हणून एप्रिल-मे मध्ये एकाच ऑर्गनमध्ये दोन तट पडतात. बोटाच्या जोराने आवाज कमीजास्त होत नाही, त्यासाठी नळ्यांचे वेगवेगळे संच खुंट्या ओढून चालू-बंद करायचे. पेटीवरच्या खुंट्यांचं हे मूळ घराणं.

११. इलेक्ट्रिक पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड एकच ना?

नाही. इलेक्ट्रिकमध्ये काहीतरी खरोखर हलतं आणि वीज ते फक्त उचलून मोठं करते. इलेक्ट्रॉनिकमध्ये आवाज विजेतच जन्मतो. ऱ्होड्स पियानोत हातोडी एका बारीक पोलादी काडीवर आपटते, काडीसमोर लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं, इलेक्ट्रिक गिटारसारखंच. काडीला तोंडाशी धरलं तर आवाज डासाएवढा, अॅम्प्लिफायरमधून मात्र तो दुधाळ, घंटेसारखा सूर. हॅरोल्ड ऱ्होड्सने याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना खाटेवर वाजवता येईल असा छोटा पियानो करून केली, विमानाच्या भंगारातल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या वापरून. वुर्लिट्झरमध्ये काडीऐवजी चपटी पोलादी जीभ असते, म्हणजे पेटीची बहीण, फक्त हिला हवेने नाही तर हातोडीने मारतात. जुन्या हिंदी गाण्यांतला "तो गोड पियानो" कुठला विचारता ना, बऱ्याचदा या दोघांपैकी एक असतो.

१२. हॅमंड ऑर्गनमध्ये नळ्या नाहीत, जिभा नाहीत, मग ऑर्गन कसा?

हे माझं लाडकं यंत्र, त्यामुळे जरा लांबेल. लॉरेन्स हॅमंड घड्याळं बनवायचा, विजेच्या मोटरवर अचूक फिरणारी. तीच मोटर त्याने १९३४-३५ मध्ये ऑर्गनला लावली. आत ९१ दातेरी पोलादी चकत्या गरगर फिरत असतात, प्रत्येकीसमोर एक चुंबक. दात समोरून गेला की चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज लहरते, सेकंदाला ४४० दात गेले तर ४४० कंपनांचा सूर. म्हणजे सगळे सूर सगळा वेळ तयारच असतात, पट्टी फक्त दार उघडते. प्रत्येक चकतीचा सूर अगदी साधा, उपसूर जवळपास नाहीत, म्हणून वर ९ सरकपट्ट्या दिल्यात आणि त्यांनी मूळ सुरात वरचे-खालचे सूर हवे तेवढे मिसळायचे, मिसळणाच्या डब्यातून चमचा-चमचा घालतो तसे.

मोटरचा वेग विजेच्या कंपनांना बांधलेला. अमेरिकेत ती ६०, आपल्याकडे ५०. तिकडचा जुना हॅमंड आणून नुसता ट्रान्सफॉर्मर लावून चालवला तर सगळं वाद्य सहात पाच या हिशोबाने उतरेल, म्हणजे सा दाबलात की खालचा शुद्ध धैवत वाजेल! आणि एक, पट्टीखाली नऊ तारा नऊ संपर्कांना टेकतात, त्या नेमक्या एका क्षणी टेकत नाहीत, म्हणून सुराच्या आधी बारीक "टिक" येतं. कंपनीला ते खोट वाटायचं, वाजवणाऱ्यांना तेच आवडलं, आणि आता डिजिटल नकलांमध्ये ते टिक मुद्दाम घालावं लागतं. त्याच्या जोडीला लेस्ली स्पीकर, ज्यात कर्णा गोल फिरतो. फिरताना तो कधी तुमच्याकडे येतो कधी लांब जातो, अॅम्ब्युलन्स जवळून जाताना सायरन बदलतो तसा सूर डोलतो.

१३. "नागिन" मधली बीन कीबोर्डवर वाजवलीय हे खरं का? आणि सिंथेसायझर म्हणजे कॅसिओच ना?

खरं आहे. १९५४ चा तो सिनेमा, संगीत हेमंतकुमारांचं, आणि ती पुंगी म्हणजे कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलिन, साथीला रवी यांची हार्मोनियम. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्समध्ये १९४७ मध्ये निघालेलं छोटं वाद्य, एका वेळी एकच सूर, तो व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांच्या) सर्किटमधून काढलेला. पुंगीतही जीभच असते, तिचा आवाज उपसुरांनी खच्चून भरलेला, आणि विजेची खडबडीत लहरही तशीच, म्हणून नाग फसले नाहीत तरी प्रेक्षक फसले.

सिंथेसायझर याच कल्पनेचा मोठा भाऊ. रॉबर्ट मूगने १९६४ मध्ये दाखवलेल्या पद्धतीत आधी करवतीच्या दात्यासारखी कर्कश लहर तयार करायची, मग फिल्टरने नको ते उपसूर कापायचे, शिल्पकार दगड कापतो तसे, आणि सूर किती झटकन उगवावा-मावळावा ते वेगळ्या बटणांनी ठरवायचं. म्हणजे प्रश्न १ मधल्या तिन्ही गोष्टी सुट्या करून हातात दिल्या. कॅसिओ हे कंपनीचं नाव आहे, आपण सगळ्याच कीबोर्डला कॅसिओ म्हणतो जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. घरातल्या साध्या कीबोर्डमध्ये आवाज तयार भरलेले असतात, सिंथमध्ये तुम्ही ते घडवता.

१४. आत्ताच्या कीबोर्डमध्ये खरा पियानो रेकॉर्ड करून भरलेला असतो का?

बहुतेकांत हो, त्याला सॅम्पलिंग म्हणतात. आवाजाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकडे साठवायचे, पट्टी दाबली की आकडे परत वाचायचे. पण हिशोब करा: ८८ पट्ट्या, प्रत्येकी २० सेकंद, आणि हळू-जोरातचे निदान ४ थर (का ते प्रश्न ६ मध्ये आलंय), स्टिरिओत हे साधारण सव्वा जीबी होतं. स्वस्त कीबोर्डमध्ये एवढं कोण भरणार, म्हणून दर तीन-चार पट्ट्यांना एकच रेकॉर्डिंग ताणून वापरतात, आणि पहिला सेकंदभर खरा ठेवून पुढे छोटासा तुकडा गोल गोल फिरवतात. पट्टी धरून ठेवून कान द्या, दोन-तीन सेकंदांनी आवाज "थिजल्यासारखा" होतो, ती हीच जागा.

अजून एक पद्धत म्हणजे रेकॉर्डिंग न करता तारेचं, हातोडीचं गणितच सोडवत बसायचं. त्यात तारा एकमेकींना प्रतिसाद देतात ते छान जमतं.

१५. ८० च्या दशकातल्या गाण्यांतला तो काचेसारखा चमकणारा पियानो कुठला?

बहुधा यामाहा डीएक्स-७, १९८३. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगला १९६७ मध्ये सापडलं की एका साध्या लहरीने दुसऱ्या साध्या लहरीला प्रचंड वेगाने हलवलं (व्हायब्रॅटोच, पण ऐकू येणार नाही इतका जलद) तर त्यातून ढीगभर नवे उपसूर जन्मतात. घंटा, काच, धातू यांचे आवाज यात फार सुरेख येतात. वापरायला मात्र भयानक किचकट, त्यामुळे बहुतेकांनी कंपनीने दिलेलेच टोन वाजवले आणि म्हणून अर्धं जग एकसारखं ऐकू यायला लागलं.

१६. मी पट्टी जोरात दाबली हे कीबोर्डला कळतं कसं?

जोर कळतच नाही, वेळ कळतो. प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन संपर्क असतात, एक आधी टेकतो एक नंतर, मधला वेळ जितका कमी तितकी पट्टी वेगात आली. त्याचा १ ते १२७ मधला आकडा करून चिपकडे जातो. पियानोतही शेवटी वेगच मोजला जातो त्यामुळे ही नक्कल तशी प्रामाणिक आहे. काही सूर अचानक फुल्ल जोरात किंवा अजिबात वाजत नसतील तर ९० टक्के वेळा त्या रबराखाली धूळ आहे.

१७. कीबोर्डवर हार्मोनियमचा टोन लावतो पण पेटी वाटतच नाही. महागडा घेऊ का?

आधी पैसे ठेवा खिशात. पेटीत सगळे सूर एकाच भात्यातली हवा वाटून घेतात. तीन पट्ट्या दाबल्या की दाब किंचित पडतो, भाता ओढला की तिन्ही एकत्र फुगतात, खर्जाची जीभ जड म्हणून बोलायला क्षणभर उशीर करते, पट्टीची खटखट होते, भाता सुस्कारा टाकतो. कीबोर्डमध्ये प्रत्येक सूर एकटा रेकॉर्ड केलेला, एकसारख्या हवेवर, आणि एकमेकांशी ओळख नाही. वर कीबोर्ड तुमच्या बोटाच्या वेगाने सूर लहानमोठा करतो, जे पेटी कधीच करत नाही. म्हणून आधी टच रिस्पॉन्स बंद करा. मग एक्स्प्रेशन पेडल जोडून पायाने भाता मारल्यासारखा आवाज हलवत राहा. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) जवळपास शून्य. जमलं तर तोच टोन दोनदा लावून एक अगदी किंचित उतरवा (प्रश्न ४). एवढ्यावर आमच्या मंडळातल्या एका आजोबांनी मागे वळून "पेटी कुणी आणली रे?" विचारलं होतं.

१८. पट्टीच्या वाद्यावर मींड येते का?

मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाणं. पेटीवर ती येत नाही, एक झडप उघडी नाहीतर दुसरी. पट्टी अर्धवट दाबून हवा चिमटली तर सूर जरा खाली लवतो, अकॉर्डियनवाले हे करतात, पण दोन सुरांमधली वाट काही पार होत नाही. चांगले पेटीवादक कणस्वर (मुख्य सुराआधी निसटता टेकवलेला शेजारचा सूर) इतका नेमका टाकतात की कान मधली जागा स्वतःच भरून घेतो. कीबोर्डवर पिच बेंडचं चाक असतं, सिंथवर एका सुरातून दुसऱ्यात घसरत जायची सोयही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या यंत्रांवर राग वाजवले त्यात टीबी-३०३ ची ही घसरण ऐका, बेस गिटारला पर्याय म्हणून बनवलेलं मशीन आणि गातंय भैरव.

१९. पेटी शेजारी कीबोर्ड लावला की सूर भिडत नाही. खोट कुणात?

बहुधा कुणातच नाही. कीबोर्ड मधली पांढरी सहा ४४० वर धरतो, जुनी पेटी कशावरही लावलेली असू शकते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ट्यूनिंग एक-एक कंपनाने हलवता येतं, पेटीप्रमाणे तोच हलवा.

तरीही गायकाशी गंधार भिडत नसेल तर ती दुसरी गोष्ट. दोघांच्याही बारा पट्ट्या सारख्या अंतरावर लावलेल्या असतात. दोन लगतच्या पट्ट्यांतल्या अंतराचे शंभर भाग केले तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार सा पासून सुमारे ३८६ वर आहे, पट्टीवरचा ४०० वर. कोमल गंधार उलट, ३१६ हवा आणि मिळतो ३००. पंचम मात्र ७०२ ला ७००, म्हणून तो कधी टोचत नाही. याच तक्रारीवरून आणि मींड नाही म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली होती, १९७१ मध्ये ती अटींसकट परत आली. डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुतींची पेटी हा याच दुखण्यावरचा उपाय. मला विचाराल तर पेटीवाल्याने नको तिथे गंधारावर बसून राहू नये, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

२०. मिरवणुकीतला बेंजो कीबोर्डमध्ये धरायचा का?

धरायचा, आणि अभिमानाने. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो म्हणजे बुलबुलतरंग, त्याचं मूळ जपानच्या नागोयात १९१२ मध्ये निघालेल्या ताइशोगोतोत, टाइपरायटरसारखी बटणं लावलेल्या तंतुवाद्यात. एका हाताने नखीने तार छेडायची आणि दुसऱ्याने बटण दाबायचं, बटण तारेला पडद्यावर दाबून तिची लांबी कमी करतं. म्हणजे इथे पट्टी सूर सुरू करत नाही, फक्त निवडते. पिकअप (तारेची कंपनं विजेत उचलणारं चुंबक-वेटोळं) बसवून अॅम्प्लिफायरला जोडला की तो प्रश्न ११ मधल्या इलेक्ट्रिक कुटुंबात जाऊन बसतो. मेलोडिका फुंकायची पेटी, अकॉर्डियन गळ्यातली पेटी, दोन्हींना प्रश्न २ लागू.

२१. खूप पट्ट्या दाबल्या की कीबोर्डचे काही सूर गायब होतात, बिघडलाय का?

नाही. चिप एका वेळी ठराविकच सूर सांभाळते, ३२, ६४, १२८ असे. पेडल दाबलेलं असेल तर सोडलेले सूरही मोजले जातात, दोन टोन एकावर एक असतील तर दुप्पट. मर्यादा संपली की सगळ्यात जुना सूर गुपचूप मरतो.

२२. पट्टी सोडली तरी सूर वाजतच राहतो. काय करू?

कीबोर्ड असेल तर बहुधा सूर बंद करायचा निरोप वाटेत हरवलाय, एकदा बंद करून चालू करा. पियानोत त्या तारेची गादी अडकलेली असते. पेटीत झडप नीट बसत नाही: स्प्रिंग ढिली, चामडं वाकलेलं किंवा मधे कचरा. वरची जाळी काढा, पट्टीचं मागचं टोक हलकेच उचलून मऊ ब्रशने झडपेखालची जागा साफ करा, फुंकर मारू नका, तोंडाचा ओलावा जिभांवर जातो. लग्नसराईत माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका पेटीतून अक्षतांचे सात दाणे निघाले, त्यातला एकच नेमका काळी दोनच्या झडपेखाली बसला होता.